लघवी दाबून धरायला बाईला कोणी शिकवले?

“भरपूर पाणी प्या, लघवी दाबून धरू नका, स्वच्छता पाळा.” महिला आरोग्य शिबिर कुठल्याही वस्तीत असो, व्याख्यान या तीन वाक्यांवर येऊन थांबते. समोर सतरंजीवर बसलेल्या बाया माना डोलावतात, चहा घेतात, घरी जातात. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना नेहमीप्रमाणे दोन घोट पाणी पितात आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत मोरीचे तोंड पाहत नाहीत. मग शिबिर घेणारे अहवालात लिहितात की बायकांमध्ये जागृतीचा अभाव आहे.

मला या शब्दांचा राग येतो. शाहगंजच्या रस्त्यावर भाजी विकणारी, वाळूजच्या एमआयडीसीत कंत्राटावर लागलेली, सिडकोत पाच घरची धुणीभांडी करणारी बाई पाणी का पीत नाही, हे तिला पक्के ठाऊक आहे. पाणी प्यायले की जावे लागते आणि जायला जागा नाही. तिचा हिशोब चोख आहे. तो तिच्या शरीराच्या विरोधात जातो ही गोष्ट वेगळी. म्हणून या लेखात माझे म्हणणे एवढेच आहे : दाबून धरणे ही अडाणी बाईची वाईट खोड नाही, ती शिकवलेली सवय आहे. जातीने शिकवली, घराने शिकवली, कारखान्याने आणि नगरपालिकेने शिकवली, आणि स्पष्टच बोलायचे तर आपल्या चळवळीनेही तिच्याकडे डोळेझाक केली. शिकवलेली गोष्ट पुसता येते, त्यामुळे आरोग्यशिक्षण हवेच. पण ते कसले हवे, हे ठरवायचे तर आधी इतिहासात जावे लागेल.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करू. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसोबत वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर मंडळी थांबली. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून दारातल्या हौदावर काहींनी हातपाय-तोंड धुतले. झाले! हौद बाटवला म्हणून आरडाओरडा झाला, गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण एका अटीवर. आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही आणि त्यावर नजर ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणात. त्याआधी सात वर्षे महाडला चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते. म्हणजे २० मार्च १९२७ नंतरही पाण्यावर पहारा होताच.

आपण हा इतिहास पाण्याचा म्हणून शिकतो, शिकवतो. पण पाणी शरीरात जाते तसे बाहेरही येते. ज्या समाजाला पाण्याच्या जागेवर हक्क नव्हता, त्याला आडोशाच्या जागेवर तरी कुठून असणार? गावकुसाबाहेरचा महारवाडा, मांगवाडा आठवा. दोन खणांची झोपडी, न्हाणीचा पत्ता नाही. भोवतालची जमीन दुसऱ्याच्या मालकीची. पुरुष कुठल्याही बांधाला उभा राहू शकत होता. बाईला तांब्या घेऊन अंधार पडण्याची किंवा उजाडण्याआधीची वेळ गाठावी लागे. दिवसातून दोन वेळा, तीही सोबतीण मिळाली तर. मधले बारा-तेरा तास शरीराने गप्प बसायचे. आजी आईला हेच शिकवत आली आणि आई मुलीला. “जाऊन ये एकदा, मग दिवसभर जमायचं नाही” हे वाक्य ज्या घरात ऐकलेले नाही असे घर मला आपल्या समाजात दाखवा.

१८५५ साली, सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसल्याचे लिहिले आहे. पुढे सव्वाशे वर्षांनी बेबीताई कांबळे ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतपणातले हाल सांगतात. भूक, घाण, जखमा, उपचाराचा अभाव. या दोघींमध्ये एवढे अंतर असूनही बाईच्या कंबरेखालच्या शरीराची कथा फारशी बदललेली दिसत नाही. आपल्या बायांनी हे लिहिले म्हणून आज आपल्याला कळते. वैद्यकाच्या पुस्तकांनी ते लिहिले नव्हते.

गावाच्या आत, वाड्यातल्या बाईचे काय? तिच्या घरात आडोसा होता, पण तो कोणाच्या डोक्यावर होता हे विसरू नका. शहरांमध्ये आणि मोठ्या गावांमध्ये टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून भंगी, मेहतर समाजाची बाई यायची, टोपली उपसायची आणि मैला डोक्यावर वाहून न्यायची. मुंबई सरकारने १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली ती याच कामगारांच्या हलाखीची चौकशी करायला. कायद्याने कोरडे संडास आणि हाताने मैला उचलणे यांवर बंदी घालायला १९९३ साल उजाडले, आणि तो कायदा पुरा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. तर अशी ही व्यवस्था : एका बाईने दिवसभर दाबून धरायचे कारण ती अस्पृश्य, दुसरीने मोकळे व्हायचे आणि ते तिसरीने उचलायचे कारण ती अस्पृश्यांतही अस्पृश्य. शौचालयाचा प्रश्न हा स्वच्छतेचा प्रश्न आहे असे सरकारी भिंतींवर लिहिलेले असते. आधी तो जातीचा प्रश्न आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण आरोग्यशिक्षणाचा एक नमुना त्यांच्याकडे सापडतो आणि आपण तो नीट वाचलेला नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत ते स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे दागिने का टाकावेत, स्वच्छ का राहावे. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित स्त्रियांच्या परिषदेत त्यांनी स्वच्छता, व्यसनमुक्ती, मुलांचे शिक्षण, उशिरा लग्न, कमी मुले हे सांगितले. एवढेच वाचले तर वाटेल की तेही उपदेशच करत होते. पण त्याच माणसाने १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या बाजूने भाषण केले आहे. १९३८ मध्ये त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. आणि नागपूरच्या ज्या परिषदेत उपदेश झाला, त्याच परिषदेत सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली गिरणी, बिडी, नगरपालिका, रेल्वे इथल्या कामगार स्त्रियांसाठी रजा, नुकसानभरपाई आणि पेन्शनचे ठराव मंजूर झाले. बाबासाहेबांनी बाईला कधी नुसते “स्वच्छ राहा” सांगून मोकळे सोडले नाही. शिकवण आणि हक्क एकाच मांडवात. शिबिरवाल्यांनी यातला पहिला अर्धा भाग उचलला, दुसरा टाकून दिला.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना (१९४२ ते १९४६) कामगार कायद्यांची मोठी पायाभरणी झाली. त्यानंतर आलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १९ होते. प्रत्येक कारखान्यात पुरेसे संडास आणि मुताऱ्या हव्यात, स्त्रियांना आणि पुरुषांना वेगळ्या, आणि कामाच्या वेळेत केव्हाही जाता येईल अशा. ‘केव्हाही’ हा शब्द अधोरेखित करा. सुपरवायझरला विचारून, पाळीच्या शेवटी, दोन मिनिटांत परत ये असे सांगून, असे कायद्यात नव्हते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, हे कलम फक्त कारखान्याच्या भिंतीच्या आत चालत होते. शेतमजूर, ऊसतोड कामगार, घरकामगार, नाक्यावरची बिगारी बाई, रस्त्यावर बसणारी विक्रेती यांच्यापर्यंत ते पोचत नव्हते, आणि आपल्या बहुतेक बाया तिथेच आहेत. दोन, त्याच कलमात हे संडास स्वच्छ ठेवायला सफाई कामगार नेमण्याची तरतूद होती. ते कामगार कोणत्या जातीचे असतील हे लिहिलेले नव्हते. लिहायची गरजच पडली नाही.

हे झाले बाहेरचे. आत, शरीरात काय घडते तेही कार्यकर्त्याला माहीत हवे, नाहीतर आपण भाषण करू आणि बाई विचारेल, “मग ताई, दिवसातून किती वेळा जायचं?” आणि आपण गप्प.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसात तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते, म्हणजे चहाचे चार-पाच कप. दीड-दोन कप भरले की पहिली जाणीव होते. ती जाणीव म्हणजे लगेच पळा असा हुकूम नसतो, सूचना असते. निरोगी बाई जागेपणी दर तीन-चार तासांनी जाते, दिवसातून सहा-आठ वेळा. बाईची मूत्रनलिका सुमारे ४ सेंटिमीटर, पुरुषाची १८ ते २० सेंटिमीटर. जंतूंना बाईच्या मूत्राशयात शिरायला रस्ता आखूड पडतो, म्हणूनच निम्म्याअधिक बायांना आयुष्यात एकदा तरी लघवीचा संसर्ग होतो. तो तिच्या घाणेरडेपणामुळे होत नाही, हे आधी सांगा. आपल्याकडे “उन्हाळी लागली” म्हणतात आणि धण्याचे पाणी पितात. पाणी पोटात जाते तेवढे चांगलेच. पण दोन दिवसांत जळजळ गेली नाही, थंडी वाजून ताप आला, पाठीत कळ आली किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टर गाठायचाच. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो, आणि गरोदरपणात त्याने मूल दिवस भरण्याआधी जन्मू शकते.

दाबून धरणे ही एकच सवय नाही. चीनमधल्या केफांग वांग आणि अमेरिकेतल्या मेरी पामर या परिचर्या क्षेत्रातल्या दोन संशोधक बायांनी सुमारे पंधरा वर्षांपूर्वी बायकांच्या लघवीच्या सवयींची मोजपट्टी तयार केली. तिच्यातले प्रकार वाचताना मला आपल्या गल्लीतल्या बाया आठवल्या. घराबाहेर जायचेच नाही हा एक प्रकार. लागलेली असूनही लांबवत नेणे हा दुसरा. लागलेली नसताना “असू दे, जाऊन घेऊ” म्हणून जाणे हा तिसरा. घाईने जोर लावून उरकणे हा चौथा. घाण भांड्याला अंग लागू नये म्हणून अर्धवट उभे राहून करणे हा पाचवा. प्रत्येकाची शिक्षा वेगळी. लांबवले की साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. लागण्याआधीच रोज जात राहिले की मूत्राशय थोड्याच लघवीला बोंब मारायला शिकते. जोर लावला की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. अर्धवट उभे राहिले की तेच स्नायू आखडलेले राहतात आणि पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. देशी भांड्यावर टेकून उकिडवे बसणे यापेक्षा कितीतरी चांगले. पाणीच कमी प्यायले की लघवी गडद होते, जळजळते, खडे होण्याचा धोका वाढतो. बाळंतपणांनंतर आणि पाळी गेल्यावर खोकताना-शिंकताना थेंब गळतात, ते बाया कोणाला सांगत नाहीत. नातवंडे “आजीच्या अंगाला वास येतो” म्हणतात तेव्हा आजी लग्नाला, सभेला, विहाराला येणे बंद करते. एक माणूस चळवळीतून असा गळतो आणि आपण त्याची कुठे नोंदही करत नाही.

हे सुधारते का? सुधारते. १९४८ मध्ये अर्नोल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. लघवी मध्येच रोखताना जे स्नायू आवळतो तेच, रिकाम्या मूत्राशयाने, दिवसातून काही वेळा आवळायचे आणि सोडायचे. पैसे नाहीत, यंत्र नाही, कोणाला दिसतही नाही. वारंवार जायची सवय लागली असेल तर दोन खेपांमधले अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत न्यायचे. मिशिगनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५५ वर्षांवरच्या ३५९ स्त्रियांपैकी एका गटाला दोन तासांचा वर्ग दिला आणि मग थोडा वैयक्तिक पाठपुरावा केला. वर्षभराने त्या गटाची गळतीची स्थिती न शिकलेल्या गटापेक्षा चांगली होती. फक्त दोन तासांचा वर्ग! म्हणजे शिक्षणाने शरीर बदलते यात शंका नाही. पण त्या बायांच्या घरी संडास होता आणि नळाला पाणी होते, हेही विसरून चालणार नाही. आपल्या शहरात पन्नास-एक किलोमीटरवर जायकवाडीचे अथांग पाणी असून वर्षानुवर्षे कित्येक वसाहतींत नळ आठवड्याने येतो. ड्रम भरून ठेवायचे, त्यातून पोरांची आंघोळ, स्वयंपाक, धुणे. संडासात ओतायला बादली काढताना बाईचा हात आखडतो. तिला “भरपूर पाणी प्या” सांगणाऱ्याने आधी तिचा ड्रम बघावा.

शरीराचे ज्ञान नसले आणि जागाही नसली तर काय होते, याचा सर्वात भीषण पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये गदारोळ झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. दर सहा जणींमागे एक! देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. फडावर काय स्थिती असते? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची. एक दिवस बुडाला की खाडा. कोपीला न्हाणी नाही, फडात संडास नाही, प्यायला कुठले पाणी मिळेल त्याचा भरवसा नाही. पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. मग जळजळ, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे. बाई दवाखान्यात जाते आणि तिला सांगतात, “पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” तिला पिशवी म्हणजे काय, ती काढल्यावर काय होते, लघवीची पिशवी वेगळी आणि गर्भाची वेगळी, हे कोणी सांगितलेले नसते. साध्या औषधाने बरे होणारे दुखणे असू शकते हेही नाही. खाडा चुकेल म्हणून ती तयार होते. तिशी-पस्तिशीत गर्भाशय काढलेल्या बाईला पुढे कंबरदुखी, लघवीची गळती अशा तक्रारींचा धोका वाढतो. हे अज्ञान फुकट आलेले नाही. त्यावर कोणाचा तरी दवाखाना चालला आणि कोणाचा तरी साखर कारखाना.

कोणी म्हणेल, बाहेरच्या देशात बायकांना हे सगळे आयते मिळाले. तसे नाही. लंडनमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनात सार्वजनिक फ्लशचे संडास आले, पण पुढची कित्येक दशके रस्त्यावरची सोय मुख्यतः पुरुषांची होती. बाईने घरापासून लघवी धरवेल तेवढ्याच अंतरावर जावे! १९०० च्या सुमारास कॅम्डेन भागात बायकांसाठी संडास बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा भले भले लोक विरोधात उठले. नाटककार बर्नार्ड शॉ तेव्हा स्थानिक मंडळाचे सदस्य होते, ते बायकांच्या बाजूने भांडले. आणि १९७३ साली अमेरिकेत फ्लोरिन्स केनेडी या कृष्णवर्णीय वकील बाईने हार्वर्ड विद्यापीठात निदर्शने केली, कारण परीक्षेच्या इमारतीत मुलींना संडास नव्हता. मुलींनी बरण्यांमधून लघवीसारखे पाणी पायऱ्यांवर ओतले. एक वर्ष आधी, १९७२ मध्ये, मुंबईत ब्लॅक पँथरच्या प्रेरणेने आपली दलित पँथर उभी राहिली होती. काळ्या अमेरिकेकडून आपण कविता घेतली, आक्रमकता घेतली. फ्लोरिन्स केनेडीची ही बरणी मात्र आपल्यापर्यंत आली नाही.

ती आली २०११ साली, मुंबईत, वस्तीतल्या बायांच्या हातून. ‘कोरो’ आणि तिच्यासोबतच्या अनेक संघटनांनी ‘राइट टू पी’ मोहीम सुरू केली. मुद्दा साधा होता. सार्वजनिक शौचालयात पुरुषांना मुतारी फुकट, बाईला मात्र पैसे. वस्त्यांमधून आलेल्या कार्यकर्त्यांनी शौचालये फिरून पाहिली, मोजली, नोंदी केल्या, सह्या गोळा केल्या आणि अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसून ‘लघवी’ हा शब्द मोठ्याने उच्चारला. अधिकारी लाजले, त्या लाजल्या नाहीत. मोहिमेतल्या मुमताज शेख यांचे नाव २०१५ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘मिळून साऱ्याजणी’च्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महानगरपालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित शौचालये उभारण्याचे आदेश दिले. आपल्या शहराची महानगरपालिका १९८२ पासूनची आहे. त्या आदेशाचे इथे काय झाले हे विचारायला आपल्यातले किती जण गेले?

या मोहिमेत मला आरोग्यशिक्षणाची खरी रीत दिसते. बाईला आधी तिच्याच दिवसाचा तक्ता करायला सांगायचा : सकाळी किती वाजता गेली, किती पाणी प्यायली, पुढची वेळ कधी, मधे लागली तेव्हा कुठे होती, का गेली नाही. तीन दिवस लिहिले की (लिहिता येत नसेल तर रेघा मारल्या तरी चालतात) दोन गोष्टी एकदम कळतात. आपण काय बदलू शकतो आणि कोणी आपल्याला बदलू दिले नाही. पहिल्यासाठी व्यायाम, पाणी, बसायची रीत, डॉक्टर. दुसऱ्यासाठी अर्ज, मोर्चा, कोर्ट. शिकवणारी बाई वस्तीतलीच हवी, आशाताई असेल तर उत्तमच. जागा विहाराची हवी. आणि पोरांनाही बसवा. घरात सकाळी एकच मोरी असताना आई आणि बहीण शेवटी का जातात, हे त्यांना कधीतरी कळू द्या.

“एवढे मोठे प्रश्न असताना हे कुठे काढता?” असे आपल्यातलेच काही भाऊ म्हणतील. आरक्षण, खासगीकरण, अत्याचार, शिष्यवृत्ती, सगळे मान्य. पण नामांतराचा लढा आठवा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. १९७९ मध्ये लाँगमार्च निघाला. सत्याग्रह, तुरुंग, उपोषणे, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. सोळा वर्षांत बाया प्रत्येक टप्प्यावर होत्या. तुम्ही वाचलेल्या किती आठवणींत, त्या रस्त्यावर आणि कोठडीत लघवीला कुठे जात होत्या हे लिहिले आहे? जिने हे सोसून लढा दिला तिच्या शरीराला आपण इतिहासातून वगळले.

आणि दुसरा आक्षेप, जो मला जास्त मोलाचा वाटतो : शौचालये वाढली की ती साफ कोण करणार? आपलीच माणसे ना? हा प्रश्न टाळून शौचालयाची मागणी करणारा आंबेडकरवादी अर्धाच आंबेडकरवादी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख रुपये द्यायला सांगितले. म्हणजे मरणाचा भाव वाढला, मरणे थांबले नाही. त्यामुळे मागणीपत्रात शौचालयाच्या ओळीखालीच सफाईची ओळ हवी : कायम नोकरी, यंत्र, हातमोजे, किमान वेतन, आणि त्या कामगार बाईसाठीही वेगळे, कुलूप नसलेले शौचालय. दिवसभर दुसऱ्यांचे संडास धुणाऱ्या बाईला स्वतःला जायची मुभा नाही, असे मी याच शहरात पाहिले आहे.

आता काम. १४ एप्रिलला क्रांती चौकातून भडकल गेटच्या पुतळ्यापर्यंत, १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर, आपण हजारोंनी जमतो. मांडव, डीजे, बॅनर, भोजनदान यांची वर्गणी महिनाभर आधी सुरू होते. यंदाच्या समितीच्या पहिल्या बैठकीत खर्चाच्या यादीत बायांच्या फिरत्या शौचालयांची ओळ घाला आणि ती यादी समितीतल्या बायांच्या हातात द्या. पाण्याचा टँकर, दिवा, कडी, कचऱ्याची पेटी, सफाईचे ठरलेले पैसे, सगळे त्याच ठरवतील. बरोबरच महानगरपालिकेला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचे काम आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विचारायचे ते असे : शहरात स्त्रियांसाठी किती सार्वजनिक शौचालये आहेत, कुठल्या पत्त्यावर, किती वाजता उघडतात आणि किती वाजता बंद होतात. स्त्रियांकडून पैसे घेतले जातात का आणि कोणत्या नियमाने. पाण्याची जोडणी आहे का. देखभालीचे कंत्राट कोणाकडे आहे, त्यात किती सफाई कामगार आहेत आणि त्यांना महिन्याला किती पगार मिळतो. उत्तर आले की चार-चार जणींच्या टोळ्या करून गुलमंडी, पैठणगेट, औरंगपुरा, शाहगंज, मध्यवर्ती बसस्थानक पायी फिरा आणि कागदावरचा प्रत्येक पत्ता दार उघडून पाहा.